भूक गेलेल्या कॅन्सररुग्णाला तपासणीला नेण्याआधी

कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णाला तपासणीला न्यायचे असेल, तर आदल्या दिवशी निवांत बसून वहीत काही नोंदी कराव्यात. डॉक्टरांसमोर ‘काही खातच नाहीत हो’ एवढेच तोंडातून निघते आणि तेवढ्यावरून भूक का गेली हे कळत नाही.

पहिली नोंद वजनाची. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा जुन्या फाइलमध्ये सापडतो. 60 किलोचे वजन प्रयत्न न करता 57च्या खाली आले असेल, तर घट पाच टक्क्यांहून अधिक होते आणि डॉक्टर कॅकेक्सियाचा विचार करतात. या अवस्थेत आजारामुळे शरीरभर पसरलेला दाह स्नायू झिजवतो आणि भुकेची जाणीवही दाबून टाकतो, म्हणून नुसते जास्त जेवू घालून वजन पूर्ववत होत नाही. घरच्या बाईमाणसांनी याचा दोष स्वतःकडे घेऊ नये, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. पोटात पाणी झाले किंवा पायांवर सूज आली, तर काटा फसवतो. अशा वेळी हात किती बारीक झाला हे कळावे म्हणून मनगटावरचे घड्याळ कोपराकडे किती घसरते, तेही लिहावे.

त्यानंतर टॉर्चच्या उजेडात तोंड पाहावे. जिभेवर पांढरा थर, गालाच्या आत फोड किंवा सैल झालेली कवळी असेल, तर तांबड्या रश्शाचा एक घोटही आग करतो आणि आयुष्यभर तो आवडीने ओरपलेला माणूस ताट बाजूला सारतो. अन्न धातूसारखे लागते का, दोन घासांत पोट भरते का, फोडणीच्या वासाने मळमळते का, हे रुग्णालाच विचारावे. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचे औषध सुरू असल्यास पोट किती दिवसांनी साफ होते ते लिहावे, कारण त्याने बद्धकोष्ठ होते आणि बद्धकोष्ठानेही भूक मरते. वेदना, झोप आणि उदासपणा यांचीही नोंद हवी.

ताकद यावी म्हणून नातेवाईक कोल्हापूरच्या गंगावेशीतले धारोष्ण दूध प्रेमाने आणतात. केमोथेरपीने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ते कच्चे दूध देऊ नये, उकळूनच द्यावे.

सर्व औषधांच्या पट्ट्या, काढे आणि चूर्णांसह, एका पिशवीत भराव्यात. मात्र गिळताना ठसका लागत असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे.