जातीय अन्याय झालेल्या कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात कसं जावं

गावात कुणाला जातीवरून हिणवलं, मारलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो: तंटामुक्ती समितीसमोर बसू, गावातली गोष्ट गावातच मिटवू. हा सल्ला तिथल्या तिथे खोडून काढा. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराचा गुन्हा आपसात मिटवायचा नसतोच. अशा बैठकीत ज्याला मार बसला त्यालाच शेवटी हात जोडायला लावतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरा सल्ला तरुण पोरांचा असतो, व्हिडिओ टाका. कुटुंबाला विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. तक्रार द्यायची की नाही, हेही तेच ठरवतील.

जखम असेल तर आधी सरकारी दवाखाना. जातीचा दाखला असेल तर सोबत घ्या. दोघं-तिघं पुरे, त्यात एक बाई हवीच.

आता खरी पायरी, फिर्याद लिहून घेण्याची. मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागला आणि बहुतेक प्रकरणं इथेच कच्ची राहतात. ठाणे अंमलदार ऐकतो आणि त्याच्या सवयीचं वाक्य लिहितो, ‘जातीवाचक शिवीगाळ करून धमकी दिली.’ एवढ्यावर समाधान मानू नका. समजा आटाचक्कीवर जातीचं नाव घेऊन कुणी म्हणालं, ‘तुमच्या लोकायचं दळण शेवटी, मांगं सरक’, तर ते जातीच्या नावासकट, जसंच्या तसं वऱ्हाडीतच उतरलं पाहिजे.

अडचण अशी की ठाण्यात, चार अनोळखी पुरुषांसमोर, बाईच्या तोंडून ती शिवी निघत नाही. खाली मान घालून ती म्हणते, ‘काहीबाही बोलला.’ कागदावरही तेच येतं. म्हणून निघण्याआधी घरी, सोबतच्या बाईजवळ, तिला निवांत बोलू द्या आणि तिचे शब्द कागदावर उतरवून घ्या. आपल्या पदरचं एकही वाक्य घालू नका. न घडलेलं एक वाक्य उलटतपासणीत सापडलं की घडलेल्या दहा वाक्यांवरचा विश्वास उडतो.

जागा आणि माणसं तितकीच महत्त्वाची. जातीवरून अपमानाच्या कलमाला तो ‘लोकांच्या देखत’ झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलंय. तेव्हा चक्कीसमोर, किती वाजता, रांगेत कोण कोण उभं होतं, सगळं नावानिशी लिहा. आरोपीला यांची जात आधीपासून माहीत होती, हेही लिहा. 2006 मध्ये आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. दोषींना शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमं न्यायालयात टिकली नाहीत. जातीचा संबंध कागदावर पक्का करण्याबद्दल मी एवढा हट्टी का, ते यावरून कळेल.

पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा नाही. ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घ्या अन् जा’ म्हणाले तर उठू नका. ‘आधी चौकशी करतो, मग गुन्हा नोंदवतो’ म्हणाले तर 2018 च्या दुरुस्तीतलं कलम 18अ दाखवा, अशा प्राथमिक चौकशीची गरज नाही असं त्यात स्पष्ट आहे. तरीही नकारच असेल तर तीच फिर्याद रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा आणि 14566 या हेल्पलाइनवर कळवा. गुन्हा नोंदला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात आल्याशिवाय ठाणं सोडू नका.

तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. अर्थसहाय्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करा.

इथवर सोबत आलेले बरेच जण यानंतर दिसत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच कुटुंबाला माणसं लागतात. कापूस वेचणीला त्या घरच्या बायांना बोलावणं थांबतं, किराणा दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो. हा सामाजिक बहिष्कार आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात 2017 पासून वेगळा कायदा लागू आहे आणि 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कुणी, कधी, काय नाकारलं ते तारखेसह वहीत लिहीत जा. पण वहीनं चूल पेटत नाही. शेजारच्या गावातल्या वेचणीच्या टोळीत त्या बायांना जागा मिळवून द्या, महिनाभराचा किराणा तालुक्याहून आणून द्या.

कोर्टाच्या तारखेला साक्षीदारांना एकटं पाठवू नका. साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता मिळण्याची तरतूद अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांत आहे, त्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.