कोल्हापुरात घरच्या सेंद्रिय फुलबागेचं कुठं बिघडतं? या चुका टाळा

गेल्या आषाढात गच्चीवरच्या मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. भूक लागली असेल म्हणून मी वरून आणखी शेणखत घातलं. आठ दिवसांत झाड माना टाकून बसलं. शेवटी कुंडी उपडी केली. माती विटेसारखी अखंड बाहेर आली, आंबूस वास, मुळं काळी, बोटानं ओढली की साल निघून हातात येणारी. आणि त्यातच करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, मुटकुळं करून बसलेल्या तीन अळ्या. उसवाल्यांना सांगायला नको: हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी.

यात दोन चुका होत्या आणि आपल्याकडं त्या घरोघरी होतात. पहिली मातीची. गावाकडनं पोतं भरून मळीची, म्हणजे नदीकाठच्या रानातली, काळी माती आणायची आणि तीच कुंडीत दाबून भरायची. ही माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत पावसाचं पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं झड लागते, तेव्हा कुंडीचा चिखलच होतो. दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा उसाच्या पाचटाचा कुजलेला चुरा, असं मिश्रण करा. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, नाहीतर भोक खालून बंदच राहतं. पाणी घालताना वेळ बघू नका, दोन पेरं बोट मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला.

दुसरी चूक कच्च्या शेणाची. "ताजंच घाला की काकू, ताकद जास्त असत्या," असं गोठेवाले प्रेमानं सांगतात. ऐकू नका. कुंडीत कुजताना शेण तापतं, मुळं भाजतात. अर्धवट कुजलेल्या ढिगात अळ्या वाढतात आणि खताबरोबर थेट कुंडीत येतात. मुरलेलं खत चहाच्या पावडरीसारखं भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही. वापरण्याआधी चाळणीतून काढा, अळ्या तिथंच सापडतात.

शेवंतीचं दुखणं वेगळं. झाड हिरवंगार, पण कळीच धरत नाही. बघा, रात्री तिच्यावर रस्त्यावरचा दिवा किंवा जिन्यातला बल्ब पडतो का? शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. कितीही खत घातलं तरी उजेडातली शेवंती फुलायची नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा, एवढंच.

गुलाबाला कलमाच्या खालून जोमदार फांदी फुटली की आनंद होतो. ती रानगुलाबाची असते, बुडातून काढून टाका. झेंडूचं रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडायला जीव धजत नाही, पण खुडलं तरच ते फुटतं. दसऱ्याला फुलं हवी असतील तर बी निदान दोन महिने आधी पडायला हवं.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या कुठून चढतात ते शोधा आणि ती वाट बंद करा. त्या चिकट गोड रसासाठी या किडीला राखतात, म्हणून नुसती फवारणी पुरत नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून नीट ढवळा. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं मारा. आठवड्यानं पुन्हा मारा. जुना टूथब्रश घेऊन मोठे पुंजके आधीच खरवडले तर काम निम्मं होतं.

त्या मोगऱ्याची काळी मुळं कापली, नवीन मातीत लावला, दिवाळीपर्यंत खताला हात लावला नाही. जानेवारीत पाण्याचा ताण दिला, फांद्या छाटल्या, मग ओंजळभर चाळलेलं खत घालून पाणी सुरू केलं. मार्चमध्ये पहिल्या कळ्या आल्या, मोजून सात.