एका जनुकाच्या शेकडो प्रती आणि बादलीतली मरळ

माशांच्या जनुकांवर काम करायचं तर समुद्रकाठी जावं लागतं, असं एमएस्सीला असताना मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. माझं काम मात्र नागपुरात, मंगळवारी बाजारातून आणलेल्या बादलीभर मरळींपासून सुरू झालं. "जित्ती कायले पायजे तुले, पोरी?" असं मासेवाल्या काकूंनी विचारलं होतं. विभाजन चालू असलेल्या पेशी हव्या होत्या, म्हणून जिवंतच हव्या होत्या.

प्रथिनं बनवायला पेशीला रायबोसोम प्रचंड संख्येनं लागतात. त्यामुळे रायबोसोम ज्यापासून घडतो त्या रायबोसोमल आरएनएचं जनुक एकटं नसतं, त्याच्या शेकडो प्रती गुणसूत्रावर एकामागे एक रांगेत असतात. अशी दोन कुटुंबं आहेत. ४५एसमध्ये १८एस, ५.८एस आणि २८एस येतात. दुसरं ५एस, जेमतेम १२० क्षारकांचं, म्हणजे डीएनएच्या १२० अक्षरांचं, आणि दोन प्रतींच्या मधे बदलत राहणारी मोकळी जागा.

मला सगळ्यात अवघड गेलं ते हे, की या प्रती एका जातीत जवळजवळ सारख्या असतात आणि शेजारच्या जातीत मात्र वेगळ्या. प्रत्येक प्रत आपापली बदलत गेली असती तर असं दिसलं नसतं. गणेशोत्सवात एखाद्या मंडळात आरतीचा एक शब्द कुणीतरी चुकीचा म्हणतं. कधी बाकीच्यांच्या आवाजात ती चूक विरून जाते, कधी सगळं मंडळ तोच शब्द म्हणू लागतं, आणि पुढच्या गल्लीतलं मंडळ वेगळाच. असमान जनुकविनिमय (गुणसूत्रं थोडी सरकून तुकड्यांची अदलाबदल करतात) आणि जनुक-परिवर्तन (एक प्रत दुसरीवर स्वतःची नक्कल उमटवते) या दोन प्रक्रिया प्रतींना असंच एकसुरात आणतात. याला एकसुरी उत्क्रांती (कन्सर्टेड इव्होल्यूशन) म्हणतात. १९७२ मध्ये ब्राऊन, वेन्सिंक आणि जॉर्डन यांनी झेनोपस बेडकाच्या दोन जातींत हे दाखवलं. माशांच्या ५एसमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. काही प्रती नव्या जन्मतात, काही निकामी होऊन पडून राहतात, आणि एकाच माशात दोन-तीन प्रकार शेजारी नांदतात. झेब्राफिशमध्ये अंड्यात चालणारा ५एस वेगळा आणि शरीरातल्या पेशींचा वेगळा. युरोपातल्या पाइक माशात तर ५एस इतका वाढला आहे की बहुतेक गुणसूत्रांच्या मध्यबिंदूंपाशी तो सापडतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझी मोठी चूक. एका माशाचा, डीएनएचे तुकडे जोडून तयार केलेला जनुकसंच इंटरनेटवरून उतरवून मी त्यात ५एस शोधला आणि बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रती मिळाल्या. आनंदानं तक्ता करून सरांकडे नेला. त्यांनी एवढंच विचारलं, "कच्च्या वाचनांत किती आहेत?" वाचनं म्हणजे यंत्रानं वाचलेले डीएनएचे सुटे तुकडे. दीडशे क्षारकांची तोकडी वाचनं एकसारख्या प्रतींना वेगळं करू शकत नाहीत. जोडणी करणारा प्रोग्रॅम सगळ्यांना एकावर एक रचून एकच करून टाकतो. समजा, एकेरी जनुकांवर सरासरी ४० वाचनं बसतात आणि ५एसवर २४,०००, तर प्रती साधारण ६००. हा भागाकार स्वतः केल्याशिवाय संख्या लिहू नका. लांब वाचनांनी चित्र बरंच सुधारलं आहे, तरी मोठ्या रांगा अजून तुटतात.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दाखवणारी स्लाइड करायला शिका, हे मी आग्रहानं सांगते. डाग असलेल्या छोट्या मरळीला, चन्ना पंक्टाटाला, ३२च गुणसूत्रं आहेत आणि ती मोठी आहेत, तर रोहूला ५०. नवख्यानं मरळच घ्यावी. आधी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. मग पेशींचं विभाजन मधेच थांबवायला कोल्चिसिन, दीड-दोन तासांनी वृक्काचा पुढचा भाग काढून पेशी फुगवायला ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराइड, आणि त्या टिकवायला तीनास एक मिथेनॉल-ॲसेटिक आम्ल. नागपूरच्या मे महिन्यात थेंब पसरायच्या आतच सुकतो आणि गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात. मी स्लाइडशेजारी ओलं फडकं ठेवायची, तरी पावसाळ्यातल्या स्लाइडच सरस निघाल्या. सिल्व्हर नायट्रेटचा डाग विभाजनाआधीच्या टप्प्यात चालू असलेल्या ४५एस जागाच दाखवतो, बंद असलेल्या नाही. सगळ्या जागा हव्या असतील तर फिशच (FISH, जनुकाला जुळणारा चमकता तुकडा गुणसूत्रावर चिकटवायची पद्धत) करावं लागतं. या दोन निकालांत फरक आला म्हणून मी आठवडाभर रडकुंडीला आले होते. खरं तर तो फरकच वाचायचा होता.

दमदार संगणक नसेल तर अडू नका. सार्वजनिक साठ्यातली वाचनं फुकट मिळतात आणि गॅलक्सी या ऑनलाइन व्यासपीठावर रिपीटएक्स्प्लोरर, म्हणजे सारख्या वाचनांचे गुच्छ करणारा प्रोग्रॅम, ब्राउझरमधून चालतो. ५एसचा गुच्छ आलेखात कड्यासारखा गोल दिसतो, तो एकदा ओळखता आला की विसरत नाही.

पुढे पीएचडी करायची तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून करा. जेआरएफला, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या संशोधन-शिष्यवृत्तीला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, घरी विचारतात तेव्हा हा आकडा उपयोगी पडतो. लखनौची एनबीएफजीआर (माशांच्या जनुकीय संपदेवर काम करणारी) आणि मुंबईची सीआयएफई (मत्स्यशिक्षणाची) या दोन संस्थांकडे लक्ष ठेवा. आणि मरळ आणायला सकाळी लवकर जा, नऊनंतर जिवंत क्वचितच उरते.