फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी सह्या घ्या

इतिहासात एम.ए. सुरू आहे किंवा नुकतंच झालंय आणि पुढे फेलोशिपवर काम करायचंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. ज्यांचे कागद किंवा आठवणी वापरायच्या त्यांची लेखी परवानगी आधी घ्या, हा यातला मुख्य मुद्दा. नेट, सेट, पेट या परीक्षा तुम्हाला माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही. रस्ते दोन आहेत, एवढं मात्र आधी नीट समजून घ्या. पहिला पीएचडीचा. युजीसीची जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप (2023 पासून दरमहा 37,000 रुपये, खुल्या प्रवर्गाला वयाची अट 30), दिल्लीच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची फेलोशिप आणि आपल्या राज्यातल्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप. पीएचडीची नोंदणी झाल्याशिवाय यातला पैसा हातात पडत नाही, म्हणून गाईड मिळवण्याची खटपट आधी करावी लागते.

दुसरा रस्ता लोकइतिहासाचा. संग्रहालयं, कलासंस्था, न्यास अशा छोट्या फेलोशिप देतात. त्यांना शेवटी प्रबंध नको असतो. प्रदर्शन, मुलाखतींचा संग्रह, शाळांसाठी संच, वारसा फेरी असं लोकांपर्यंत पोहोचणारं काहीतरी हवं असतं. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स तर भारतीय भाषांमधले अर्जही स्वीकारते. विचार मराठीत करत असाल तर अर्ज मराठीतच लिहा. इंग्रजीत घासूनपुसून लिहिलेल्या अर्जात आपलं म्हणणं हरवतं, हे मी स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या अर्जांत पाहिलंय.

विषय सुचत नाही, अशी तक्रार नाशिकच्या मुलांनी तरी करू नये. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नाण्यांचा नाद असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथे जाऊन बसा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये पिढ्यान् पिढ्या काम केलेली घरं आहेत. पण ‘काळाराम सत्याग्रह’ हा नुसता विषय झाला. सत्याग्रहासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची राहण्या-जेवण्याची सोय कोणी केली, हा प्रश्न झाला. अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न लागतो. एक प्रश्न सापडला की बाकीचं हळूहळू जुळतं, घाबरू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवानगी.

माझ्या पहिल्या प्रस्तावाचा सगळा डोलारा जुन्या गावठाणातल्या एका वाड्यातल्या कागदांवर उभा होता. मोडी लिपीतल्या रोजकीर्दी, खतावण्या (म्हणजे हिशोबाच्या वह्या), काही पत्रं, सगळं लाल कापडाच्या रुमालांत बांधलेलं. घरातल्या थोरल्या काकांनी मोठ्या आपुलकीने सांगितलं होतं, ‘या की कधीही, तुमचंच घर आहे.’ फेलोशिप मंजूर झाली. दरम्यान काका गेले, वाडा विकसकाकडे द्यायचं ठरलं, भावाभावांत वाटणीची बोलणी सुरू झाली आणि रुमाल पुण्याच्या पुतण्याकडे गेले. तो माझ्याशी चांगलंच बोलला. पण त्या वह्यांत कोणाकडून किती येणं आणि कोणती जागा गहाण, अशा नोंदी होत्या. जागेचा वाद चालू असताना त्या बाहेरच्या माणसाला दाखवू नका, असं वकिलाने त्याला बजावलं होतं. त्याच सुमारास फेलोशिप देणाऱ्यांनी पहिल्या अहवालासोबत लेखी परवानगी मागितली. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

यात वाईट कोणीच वागलं नाही. काकांचा शब्द खरा होता आणि पुतण्याची अडचणही खरी होती. तोंडी परवानगी माणसाबरोबर जाते. जुन्या नाशिकमध्ये तर घर, वाटण्या आणि पुनर्विकास यांचा असा गुंता आहे की आज हो म्हणणारा माणूस वर्षभराने त्या कागदांचा धनी असेलच, याची खात्री त्यालाही देता येत नाही.

दुसरं म्हणजे, परवानगी ही एक गोष्ट नसतेच. कागद बघू देणं वेगळं, फोटो काढू देणं वेगळं. वाचून उतरवून घेणं, घराण्याचं नाव घेऊन छापणं, प्रदर्शनात लावणं, इंटरनेटवर टाकणं, या प्रत्येकाला घरचे वेगवेगळं उत्तर देतात. एका साध्या कागदावर मराठीत हे सगळं लिहा: कोणता रुमाल, कोणती वही, यापैकी कशाकशाला होकार, नाव द्यायचं की नाही, मूळ कागद कोणाकडे राहणार, काम कधीपर्यंत चालणार. हिस्सेदार जितके, तितक्या सह्या घ्या. एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. सही मागितली तर माणसं दुखावतील, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. मला उलटा अनुभव आला. कागद वाचून दाखवला की माणसं मोकळी होतात, कारण आपण काय घेऊन जाणार आहोत ते त्यांना कळतं.

रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचं, म्हणजे यात्रेला येणाऱ्या कुटुंबांच्या नोंदवह्यांचं, तर आणखी नाजूक आहे. वही गुरुजींची, पण नावं भलत्याच कुटुंबांची. गुरुजींनी होकार दिला तरी पानाचा फोटो सरसकट लावायचा नाही.

आणि हा लेखी कागद म्हणजे साहेबांच्या राज्यात आलेली पद्धत आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढवून दहाव्या लेण्यात न्या. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला लेणं दिलं आणि 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक दराने, 1,000 दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि ते कशावर खर्चायचं तेही सांगितलंय. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही तिथेच कोरलेलं आहे. देणारा, घेणारा, रक्कम, दर, अट, नोंद. तुमच्या संमतीपत्रात याहून वेगळं काय असतं? (लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिपाई लावून चित्रीकरण करायचं असेल किंवा लेखाचा ठसा घ्यायचा असेल तर त्यांची आगाऊ परवानगी लागते.)

मी पुढे विषय बदलला आणि गोदेच्या पुरांच्या आठवणी गोळा केल्या. 1969 चा महापूर पाहिलेली माणसं अजून आहेत. नाशिकचा माणूस पूर सांगताना फुटांत सांगत नाही. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं की नाही, असं सांगतो. यातूनच प्रदर्शनाची मांडणी सुचली. पण परवानगीचा प्रश्न इथेही होताच. एका आजींनी पुराच्या रात्री शेजाऱ्यांनी दार कसं उघडलं नाही ते सांगितलं, शेजाऱ्यांच्या नावानिशी. रेकॉर्डिंगला त्यांची संमती होती. तरी प्रदर्शनाआधी त्यांच्या घरी जाऊन तो भाग पुन्हा ऐकवला. आजी म्हणाल्या, ‘नाव काढ बाई, त्यांची नातवंडं इथेच राहतात.’ नाव काढलं, गोष्ट तशीच राहिली. मुलाखत घेतानाची संमती आणि लोकांपुढे ठेवतानाची संमती अशा दोन वेळा ठेवा. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता, म्हणून इथे लांबण लावलं.

मोडीबद्दल थोडक्यात. आठ-दहा दिवसांच्या वर्गात अक्षरओळख होते, वाचन येत नाही. शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. एकाच हातचे कागद घेऊन रोज एक पान वाचा, काही महिन्यांनी ओळी आपोआप उलगडतात. पेशवाई कागदांवरच्या तारखांना घाबरू नका. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणून सुहूर सन 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवा, 1760-61 येतं. पानिपताचं साल. पैसे देऊन दुसऱ्याकडून सगळं लिप्यंतर करून घेण्याच्या मी विरोधात आहे. निदान काही पानं तरी स्वतः वाचलेली नसतील तर लिप्यंतरात चूक कुठे झाली ते कळणार नाही.

मार्गदर्शकाबाबत माझं मत कडक आहे. मोठं नाव शोधू नका, तुमचं पान लाल शाईने रंगवून परत देणारा माणूस शोधा. नुसते ‘छान चाललंय’ म्हणणारे सर पुढे अडचणीत टाकतात. असा माणूस कॉलेजात मिळाला नाही तर सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकच्या, जुन्या वाचकांत मिळेल, एखाद्या निवृत्त शिक्षिकेत मिळेल. 1883 चं नाशिक गॅझेटिअर मात्र कोणी सांगण्याची वाट न पाहता स्वतः वाचा. ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी तयार झालं, हे ध्यानात ठेवूनच वाचा. व्हॉट्सॲपवरच्या तयार नोट्सवर प्रस्ताव उभा करू नका, मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. फेलोशिपचे हप्ते अहवालानंतर येतात आणि उशिरा येतात. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर तासिका किंवा शिकवण्या लगेच सोडू नका. दोन्ही सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, घरचे एमपीएससीचं काय म्हणून विचारत राहतात, आणि तरीही काम होतं. माझं झालं, माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांचं झालं.

जाहिरात आल्यावर सह्यांसाठी धावाल तर वेळ पुरणार नाही. जुन्या घरांत दिवाळीत किंवा मेच्या सुट्टीत जा. तेव्हा पुण्या-मुंबईचे भाऊ, माहेरी आलेल्या बहिणी, सगळे हिस्सेदार एका छताखाली असतात. दोन प्रती आणि पेन बरोबर न्या, कागद आधी मोठ्याने वाचून दाखवा, मगच सह्या घ्या.