माध्यमिक वर्षांत घरशाळा: दाखला काढण्याआधीची तयारी

शाळेत अर्ज देण्याआधी करायच्या कामांची ही यादी आहे आणि तिच्यातले पहिले काम कागद-पेन घेऊन बसण्याचे आहे. आपल्या किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला शाळेतून काढून घरी शिकवावे असे का वाटते, हे आई आणि वडील या दोघांनी, एकमेकांचे न पाहता, एका वाक्यात लिहावे. दोन वाक्ये जुळली नाहीत तर घाबरून जाऊ नये, परंतु ती जुळेपर्यंत पुढचे कोणतेही पाऊल उचलू नये. लिहिलेल्या कारणात बहुधा कशासाठी तरी वेळ हवा असतो किंवा कशापासून तरी सुटका हवी असते. सुटका हवी असेल तर ती नेमकी कशापासून, हे बारकाईने पाहावे. एका विषयाचा वेग झेपत नाही, एका शिक्षकाशी जमत नाही किंवा रोजच्या प्रवासातच मूल थकून जाते, यांसारख्या अडचणी तुकडी बदलून, शाळा बदलून किंवा त्या एका विषयापुरती मदत घेऊनही सुटतात. वर्गात मुलाचा छळ होत असेल तर मात्र यादी पूर्ण होण्याची वाट पाहू नये, त्याला आधी तिथून बाहेर काढावे. पण शाळेतून बाहेर काढणे हा एक निर्णय आहे आणि पुढची तीन-चार वर्षे घरी शिकवणे हा दुसरा. पहिला एका दिवसात घेता येतो, दुसऱ्याला काही आठवडे द्यावेच लागतात.

सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने आईवडील ठरवतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते चालत नाही, कारण घरी शिकण्याचा रोजचा भार त्यालाच उचलायचा असतो. त्याचा नुसता होकार पुरेसा मानू नये. आम्ही आमच्या मुलाला कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून दिली आणि शाळा सुटल्यावर ज्याची आठवण येईल ते डावीकडे, जे सुटल्याने बरे वाटेल ते उजवीकडे लिहायला सांगितले. डावीकडे त्याने विज्ञानाची प्रयोगशाळा, मधल्या सुट्टीतला खेळ आणि एका मित्राचे नाव लिहिले. उजवीकडे एकच ओळ होती: 'माझे उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो.' कित्येक महिने आम्ही ज्याला अभ्यासाचा कंटाळा समजत होतो, तो लिहिण्याचा संथ वेग होता. त्या ओळीने आमचा निर्णय बदलला नाही, परंतु घरच्या अभ्यासाची सगळी आखणी बदलली, आणि डावीकडच्या तीन गोष्टी घरी कशा भरून काढायच्या याचीही यादी आपोआप तयार झाली.

त्यानंतर कायदा पाहावा, आणि तो ऐकीव माहितीवर सोडू नये, कारण देश बदलला की उत्तर पूर्णपणे बदलते. जर्मनीत शाळेत जाणेच सक्तीचे असल्यामुळे घरी शिकवण्याला जवळजवळ वावच नाही. फ्रान्समध्ये पूर्वी शासनाला कळवणे पुरत असे, २०२२ मध्ये सुरू झालेल्या शालेय वर्षापासून मात्र आधी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलाला योग्य शिक्षण मिळवून देण्याची जबाबदारी पालकांवर टाकली आहे आणि ते शाळेत किंवा अन्य मार्गाने देण्याची मुभा ठेवली आहे. अमेरिकेत सर्व ५० राज्यांत घरशाळा कायदेशीर असली तरी नोंदणीचे आणि मूल्यमापनाचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. भारतातील २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटापुरता आहे, त्यामुळे माध्यमिक वर्षांचा बराच भाग त्याच्या कक्षेबाहेर राहतो. नियम मूळ शासकीय मजकुरातून वाचून, त्याची प्रत वाचल्याच्या तारखेसह फाईलला लावावी. बदलीची नोकरी असेल तर दोन्ही ठिकाणचे नियम पाहावेत.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो परीक्षा आणि प्रमाणपत्र या प्रश्नाला. लहान वर्गांत घरी शिकवताना चुकलेले वर्ष भरून काढता येते. माध्यमिक वर्षांत मात्र शेवटी हातात कोणता कागद असेल यावर पुढचे प्रवेश अवलंबून असतात, आणि म्हणून येथे विचार शेवटाकडून सुरुवातीकडे करावा. मुलाला पुढे जावेसे वाटते अशा दोन-तीन महाविद्यालयांची किंवा अभ्यासक्रमांची नावे काढून त्यांच्या प्रवेश विभागाला लेखी विचारावे की कोणते प्रमाणपत्र चालते, कोणते विषय अनिवार्य आहेत, प्रात्यक्षिकाचे गुण लागतात का आणि वयाची अट आहे का. उत्तर लेखीच घ्यावे. फोनवर मिळालेला होकार दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या आहेत. भारतातील राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे, एकदा केलेली नोंदणी ५ वर्षे चालते आणि सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. संथ गतीने पण नीट शिकणाऱ्या मुलासाठी ही सवलत फार मोलाची आहे. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा शाळेत न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही देता येते, परंतु नोंदणी मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच होते आणि काही विषय बाहेरच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध नसतात. तिथे विज्ञान विषयांत प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी लेखी पर्यायी प्रश्नपत्रिका निवडता येते, पण पुढच्या, बारावीच्या तोडीच्या ए लेव्हल टप्प्यावर प्रयोग हाताने करावेच लागतात, म्हणजे प्रयोगशाळा उपलब्ध करून देणारे केंद्र आधी शोधावे लागते. अमेरिकेत अनेक ठिकाणी पालक स्वतःच मुलाचे विषयवार प्रगतिपत्रक तयार करतात. एका विषयाच्या वर्षभराच्या अभ्यासाला सुमारे १२० तास धरण्याची तिथली पद्धत १९०६ पासूनची आहे. तिचा विचार असेल तर तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण ती मागाहून प्रामाणिकपणे भरता येत नाही. कोणताही मार्ग निवडला तरी नोंदणीची शेवटची तारीख परीक्षेच्या कित्येक महिने आधी येते आणि शाळेत ती आठवण करून देणारे कार्यालय असते, घरी ते काम आपले आहे. वर्षाच्या दिनदर्शिकेवर या तारखा आधी लिहाव्यात, अभ्यासाचे वेळापत्रक नंतर.

आता विषयांकडे यावे. प्रत्येक विषयापुढे तो कोण शिकवणार, कशावरून शिकवणार आणि लिहिलेले कोण तपासणार, या तीन गोष्टी लिहाव्यात. पहिल्या दोन रकान्यांत सहसा काहीतरी भरता येते, तिसरा रकाना रिकामा राहतो. किशोरवयीन मुले पुस्तकावरून आणि ध्वनिचित्रफितींवरून पुष्कळ काही आपले आपण शिकतात, हे खरे आहे. परंतु निबंधातला मुद्दा कुठे भरकटला किंवा भूमितीच्या सिद्धतेत कोणती पायरी गाळली गेली, हे दाखवणारा माणूस लागतोच. आईवडिलांना एखादा विषय येत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि त्यापुढे शिकवणाऱ्याचे नाव येईपर्यंत तो विषय 'सुटला' असे मानू नये. लेखी परीक्षा द्यायची असेल तर घड्याळ लावून सलग तीन तास हाताने लिहिण्याचा सरावही या आखणीत असावा. वर्गातल्या चाचण्या बंद झाल्यावर ही सवय सर्वांत आधी मोडते.

पैशाचा हिशोब थोडक्यात होतो: परीक्षाशुल्क, पुस्तके, शिकवण्या, प्रयोगशाळेची सोय आणि कोणाची नोकरी कमी होणार असेल तर घटणारे उत्पन्न. वेळेचा हिशोब अधिक कठीण आहे. अनेक घरांत बोलणे 'आपण दोघे मिळून' असे होते आणि दुसऱ्याच महिन्यापासून सगळा भार आईवर येतो. म्हणून कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोण मुलाजवळ असेल हे नावानिशी लिहावे, आणि दोघांपैकी एक आजारी पडल्यास काय, हेही त्याच पानावर यावे.

सोबतीचा प्रश्न नातेवाइकांच्या काळजीचा विषय म्हणून बाजूला सारू नये. या वयात मुलाला समवयस्कांशिवाय करमत नाही आणि करमू नये. 'मित्र अधूनमधून भेटतील' हे नियोजन नव्हे. आठवड्यातून किमान दोनदा, ठरलेल्या वेळी, तीच ती मुले भेटतील असा एखादा खेळ, वाद्यवृंद, नाट्यगट किंवा स्वयंसेवी काम शाळा सोडण्याआधी सुरू झालेले असावे.

एवढे झाल्यावर, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, सलग चार आठवडे प्रयोग करून पाहावा. आम्ही एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहिल्या: उठल्याची वेळ, पहिले पुस्तक उघडल्याची वेळ आणि दिवसभरात त्याने स्वतःहून विचारलेला प्रश्न. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना कोराच राहिला आणि आमचा धीर सुटत आला होता. तिसऱ्या आठवड्यातल्या एका नोंदीत मात्र असे आहे: 'पावणेदहा. दहा वाजून पाच मिनिटे. शून्याने भागता येत नाही, हे कोणी ठरवले?' त्या एका प्रश्नावर दोन दिवस गेले आणि कोणी फळा पुसला नाही. उठायला उशीर होतो म्हणून प्रयोग फसला असे समजू नये. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते आणि शरीराचे घड्याळही या वर्षांत रात्रीकडे सरकलेले असते. अभ्यास उशिरा सुरू झाला तरी चालेल, तो रोज एकाच वेळी सुरू व्हावा. चार आठवड्यांत मूल अधिकाधिक एकटे पडत गेले, खोलीचे दार बंद राहू लागले किंवा प्रत्येक संवाद अभ्यासावरून वादात संपू लागला, तर घरशाळेचा विचार तूर्त थांबवावा आणि मुलाला काय होते आहे ते जाणत्या समुपदेशकाला दाखवावे.

शेवटी परतीची वाट तपासावी. मूल एका वर्षाने परत आले तर कोणत्या इयत्तेत घेतील, कोणत्या महिन्यापर्यंत घेतील आणि त्यासाठी कोणती चाचणी द्यावी लागेल, हे सध्याच्या आणि आणखी एका शाळेला विचारून ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला, आतापर्यंतच्या सर्व गुणपत्रिका आणि जन्मतारखेची नोंद यांच्या साक्षांकित प्रती घेऊन त्यांतील नावाचे स्पेलिंग एकमेकांशी जुळते का ते मुलाच्या समोर, अक्षर न् अक्षर पाहावे. दुरुस्ती दाखला काढण्याआधी करून घेणे सोपे असते. पहिल्या आढाव्याची तारीख सहा महिन्यांनंतरची ठरवून ती मुलाने स्वतःच्या हाताने दिनदर्शिकेवर लिहावी, आणि त्या दिवशी त्याने परत जायचे म्हटले तर वाद घालणार नाही, असे आईवडिलांनी त्याला आधीच सांगावे. हे सांगून झाल्यावर अर्ज लिहायला घ्यावा.