अश्वपुच्छ कसे ओळखावे आणि कसे तपासावे

अश्वपुच्छ, म्हणजे हॉर्सटेल, बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने प्रयोगशाळेतल्या बरणीत पाहिलेली असते. नदीकाठी जिवंत उभी असलेली मात्र फार थोड्यांच्या नजरेस पडते. आपण झाड ओळखायचे म्हटले की आधी पान बघतो, मग फूल. हिला फूल कधीच येत नाही आणि पान असूनही दिसत नाही. इथे पेर वाचावे लागते. उसात हात घातलेल्या माणसाला ते अवघड नाही.

पहिले काम जागा निवडण्याचे. कपाशी-सोयाबीनच्या काळ्या रानात किंवा बांधावर वेळ घालवू नका. भारतात मैदानी भागात भेटणाऱ्या जातीचे नाव एक्विसेटम रामोसिसिमम. तिला वाळू किंवा गाळ हवा आणि मुळाशी सतत ओल हवी. म्हणून गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्या काठचे वाळूचे पट्टे, ओढ्याच्या ओल्या दरडी, कालव्याचा पाझर लागणाऱ्या जागा बघा. पूर पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीनंतर जा. लव्हाळ्याच्या गर्दीत बिनपानांच्या, सरळ, रेघारेघांच्या हिरव्या काड्या दिसल्या की खाली बसा. नाहीच सापडली, तर रोपवाटिकेत शोभेची जाड दांड्याची जात मिळते. पुढची तपासणी बहुतेक सगळी तिच्यावरही होते.

आता एक काडी हातात घ्या. पेराच्या सांध्याभोवती दातेरी आवरण दिसेल. तीच पाने, कडेने एकमेकांना चिकटलेली. दात मोजा, मग खालच्या कांड्यावरचे उंचवटे मोजा: आकडा जुळतो. वरच्या कांड्यातले उंचवटे खालच्यांच्या सरळ रेषेत नसतात, मधल्या फटींवर येतात. फांदी असेल तर तीही दोन दातांच्या मधून, आवरण फोडून बाहेर पडते. पानांनी अन्न बनवणे जवळपास सोडून दिले असल्यामुळे ते काम हिरवे खोडच करते.

काडी ओढली की सांध्यावर सुटते, पण एवढ्यावर निकाल देऊ नका. सुरूच्या सुयाही अशाच सांध्यावर सुटतात आणि त्यांनाही सांध्यावर बारीक दात असतात. सुरूच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘इक्विसेटिफोलिया’ या साम्यावरूनच पडले. फरक ब्लेडने आडवा काप घेतला की कळतो. अश्वपुच्छाचे कांडे मधोमध पोकळ असते, आणि भिंगातून पाहिल्यास त्या पोकळीभोवती बारीक नळ्यांचे कडे दिसते. सुरूची सुई भरीव निघते. शिवाय सुरू हा लाकडी खोडाचा, उंच, फुले येणारा वृक्ष आहे.

नखाने खोड घासा, खरखर लागेल. बाहेरच्या पेशींत सिलिका साठलेली असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. जपानात लाकूड गुळगुळीत करायला हिची वाळलेली खोडे वापरत आले आहेत. गंजका चमचा घासून बघा, तुम्हालाच पटेल.

टोकाला शंकू असलेली काडी मिळाली तर दिवस सार्थकी लागला. शंकूवर षट्कोनी ढाली दाटीने बसवलेल्या असतात. प्रत्येक ढालीच्या आतल्या बाजूला बीजाणूंच्या पिशव्या लोंबतात. पिकलेला शंकू काचपट्टीवर झटका आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्या. बीजाणू हिरवे असतात, प्रत्येकाला चार पट्ट्या. आता हळूच श्वास सोडा: ओलाव्याने पट्ट्या गुंडाळतात, सुकताच उलगडतात आणि बीजाणू सरकतात, कधी उडी मारतात. हे आधी चित्रफितीत पाहू नका, प्रत्यक्ष बघा. काम त्याच दिवशी उरका, कारण हे बीजाणू फार दिवस जिवंत राहत नाहीत.

म्हणूनच पसरण्यासाठी वनस्पतीची मोठी भिस्त जमिनीखालच्या खोडावर असते. पुराने वर वाळू टाकली तरी त्यातून नवे कोंब येतात. दरड तुटून तुकडा वाहून गेला तर खालच्या काठावर पुन्हा उगवतो. असल्या चिवट मंडळींची वंशावळही तशीच जुनी. यांचे वृक्षाकार नातलग कॅलामाइट्स सुमारे ३५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत वाढत. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्यांच्या मानाने अगदी अलीकडचा. आजच्या अश्वपुच्छांचे सख्खे नाते नेच्यांशी लावतात.

जनावरे असतील तर एक काळजी घ्या. या गटातील वनस्पतींत थायमिनेज असते. ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. घोड्याला धोका जास्त, आणि वाळलेल्या चाऱ्यात मिसळून गेली तर अधिकच, कारण थायमिनेज वाळल्यावरही टिकते. माळेगावच्या जत्रेतून घोडे आणणाऱ्यांनी नदीकाठचे गवत कापताना हे बघावे. केसांसाठी, हाडांसाठी म्हणून हिचा काढा पिण्याचे सल्ले फिरतात. त्यांच्या नादी लागू नका.

घरी लावायची तर वाळूमिश्रित मातीची, खोल कुंडी घ्या आणि ताटलीत पाणी ठेवा. उन्हाळ्यात, मे महिन्यात, दुपारची सावली लागेलच. कुंडी जमिनीला टेकू देऊ नका, भोकातून खोड निसटते. छाटणी करताना निघालेले खालचे तुकडे ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता उन्हात कडक वाळवून मग फेका.