मृगाआधी एक खड्डा: तापीकाठची जमीन पायरीपायरीने ओळखा

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, सालदारांची नवी बोली ठरली, वावरं नांगरून उन्हात तापायला पडली आहेत. मृगबाग लावणारे केळीच्या रोपांच्या मागे आहेत, कापूसवाले बियाण्याच्या. या गडबडीत एक काम हमखास राहून जातं. वावरात छातीएवढा खड्डा खणून आपली माती खालपर्यंत बघायची असते. हे काम रोहिणीतच उरकायला हवं. मृगाचा पाऊस पडला की खड्ड्यात पाणी साचतं, कडा ढासळतात, आणि मग वर्षभर वरच्या वीतभर मातीवरून अंदाज बांधत बसावं लागतं.

मृदा आरोग्य पत्रिका आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि ती जपूनही ठेवावी. त्या पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्रापासून बोरॉनपर्यंतची नऊ अन्नद्रव्यं मिळून 12 गोष्टी असतात. पण बागायती भागात नमुना अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक घेतात, आणि तोही वरच्या थराचा. चुनखडीचा थर किती फुटांवर आहे, खाली वाळू आहे की चिकण, पाणी कुठे अडतं, हे त्या कागदावर नसतं. केळीचं आणि कपाशीचं नशीब मात्र पुष्कळदा तिथेच ठरतं.

तापीकाठी तर हे जास्तच लागू आहे, कारण इथली जमीन दिसते तशी सलग नाही. शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात रस्त्यावरून पाहिलं तर सगळं काळं सपाट रान दिसतं. पात्रातून गावाकडे चढत गेलं की त्यातल्या पायऱ्या कळतात. नदीने हजारो वर्षं गाळ आणून टाकला, नंतर तीच नदी तो गाळ कापत खाली उतरली, आणि जुना गाळ उंचावर राहून गेला. पात्रालगतची पायरी सगळ्यांत तरुण, गावाजवळची सगळ्यांत म्हातारी. पुराचं पाणी वरच्या पायरीवर पोचायचं बंद झालं तेव्हापासून तिथे नवा गाळ पडत नाही. तिथली माती तेव्हापासून ऊन, पाऊस, मुळ्या आणि गांडुळं यांच्या हवाली आहे.

अशाच पायऱ्या समुद्राकाठीही असतात. लाटांनी किनारा कापून सपाट केला, मग जमीन वर उचलली गेली किंवा समुद्र खाली गेला, की जुना किनारा पायरीसारखा उंच उरतो. कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर अशा पाच पायऱ्या एकावर एक आहेत आणि प्रत्येक पायरी खालच्यापेक्षा साधारण 1 लाख वर्षांनी जुनी आहे. खालच्या पायरीवर उंच झाडं आहेत. वरच्या जुन्या पायऱ्यांवर त्याच मुलखातली झाडं पुष्कळदा माणसाएवढीही वाढत नाहीत. तिथे पाऊस भरपूर. वाळूमधला चुना आणि अन्नद्रव्यं धुऊन गेली, माती आम्लधर्मी झाली, वरचा थर राखेसारखा पांढुरका पडला आणि खाली लोहाचा दगडासारखा कडक थर बसला.

आपल्याकडे पायऱ्यांचा नियम तोच आहे, पण गोष्ट उलटी घडते. खानदेशाच्या बहुतेक भागात वर्षाला 600 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात चुना जमिनीबाहेर धुऊन जात नाही. तो थोडा खाली सरकतो आणि पाणी सुकलं की तिथेच गोटीसारखा जमतो. मेंडोसिनोची जुनी पायरी आंबट होत गेली, आपली जुनी पायरी चुन्याची झाली, आणि जिथे निचरा नाही तिथे सोडियमचीही. म्हणून दुसऱ्या मुलखातला जमिनीचा सल्ला मोबाइलवर वाचून जसाच्या तसा वापरू नका. शेतात चुना टाका, असा व्हिडिओ इथे कोणी मानला तर त्याच्यासारखं नुकसान नाही.

आता खड्ड्याकडे येऊ. एका वावरात एकच खड्डा घेऊन भागत नाही. जमीन जिथे हातभर जरी चढते-उतरते, जिथे पीक दरवर्षी वेगळं दिसतं, तिथे प्रत्येकी एक घ्या. लांबी पाच फूट, रुंदी तीन फूट, खोली साडेतीन-चार फूट. जेसीबी आला असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. मात्र एक भिंत फावड्याने सरळ तासून घ्या, कारण बकेटने ती लिंपली जाते आणि थर दिसत नाहीत. ज्या भिंतीवर ऊन पडतं ती निवडा. गाळाची माती अचानक सुटते, म्हणून यापेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका आणि रात्रभर उघडा ठेवायचा तर भोवती काट्या लावा.

भिंतीवर आधी रंग बघा, मग चाकूच्या टोकाने वरून खाली टोचत या. जिथे टोक एकदम अडतं तिथे नांगरटीचा कडक तवा आहे. ट्रॅक्टरने वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरलेल्या वावरात तो आठ-दहा इंचांवर सापडतो. कोरड्या जमिनीत सबसॉयलर (हा तवा फोडणारा खोल नांगर) आताच मारता येतो, ओल्यात मारला तर उपयोग नाही. नंतर मुळ्या बघा. मागच्या कपाशीचं सोटमूळ सरळ गेलंय की एखाद्या थरावर आडवं वळलंय, एवढं जरी पाहिलं तरी खड्ड्याची मजुरी वसूल झाली.

प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठ्याने पट्टी काढा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकण भरपूर आहे. पट्टी निघतच नसेल तर वाळू किंवा पोयटा जास्त. चुना बघायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर मुक्त चुना चांगलाच आहे. आम्ल हाताळताना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि मुलं लांब.

हे सगळं बघितलं की आपली पायरी कोणती ते कळतं, आणि मृदशास्त्रज्ञ तिला कुठल्या गटात टाकतील तेही.

पात्रालगतच्या मळईत भिंतीवर वाळू, पोयटा, पुन्हा वाळू असे पुरांचे पापुद्रे दिसतात. माती अजून ‘पिकलेली’ नाही, तिचे स्वतःचे थर तयार झालेले नाहीत. वर्गीकरणात ही एन्टिसॉल. मधल्या पायरीत पुरांचे पापुद्रे पुसले गेलेले असतात, रंग तपकिरी-काळा, ढेकळं फोडली की कोनेदार तुकडे पडतात, दोन-तीन फुटांखाली चुन्याचे खडे लागतात. ही इन्सेप्टिसॉल. केळी, पपई, हळद यांना हीच मानवते. वरची जुनी सपाटी म्हणजे खरी काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खालच्या ढेकळांवर चकचकीत, घासल्यासारखे तिरपे पृष्ठ दिसतात; फुगताना आणि आकसताना माती मातीवर घसरते, त्याची ही खूण. चिकण किमान 30 टक्के, भेगा आणि हे चकचकीत पृष्ठ, तिन्ही असले की ती व्हर्टिसॉल. दादर ज्वारी इथेच पिकते, कारण पावसाळ्यात मुरलेली ओल ही माती माघ महिन्यापर्यंत धरून ठेवते.

सातपुड्याच्या पायथ्याची जमीन या हिशेबात धरू नका. ती नदीने रचलेली नाही, डोंगराच्या नाल्यांनी पंख्यासारखी पसरलेली आहे. तिच्यात खाली गोटे लागतात आणि पाणी खोल निघून जातं.

मळईबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. वर बारीक पोयटा आणि खाली जाड वाळू असेल तर पाणी वाळूत लगेच उतरत नाही. वरचा थर पुरता भिजेपर्यंत ते सीमेवर लटकून राहतं. म्हणून वाळूची जमीन आहे, भरपूर पाणी सोडा, हा हिशेब इथे चुकतो. ठिबक थोडं-थोडं आणि वारंवार चालवा, खतही तसंच तोडून द्या. शिवाय वरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे कधी उघडतील ते आपल्या हातात नाही, तेव्हा जुलैपासून या पायरीवर मोटर आणि महागडं पीक, दोन्ही जिवावर उदार होऊन ठेवावं लागतं. मी तिथे खरीप मोकळा ठेवून रब्बी भाजीपाला घेण्याच्या मताचा आहे.

आता माझी चूक सांगतो. आमचं एक वावर मधल्या पायरीवर, घळीच्या कडेला होतं. ठिबकला सपाट हवं म्हणून आम्ही एका उन्हाळ्यात ते लेव्हल करून घेतलं. उंच भागातली दीड फूट काळी माती उचलून लवणात, म्हणजे सखल भागात, भरली. रान टेबलासारखं झालं, बघायला लोक आले. जूनमध्ये केळी लावली. ऑगस्टमध्ये लवणातली केळी हिरवीगार, आणि जिथून माती उचलली होती तिथली पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीचा थर आम्ही स्वतःच्या पैशाने उघडा पाडला होता. लोह जमिनीत होतं, पण चुन्यात अडकलेलं. फेरस सल्फेटच्या फवारण्या, शेणखत, धैंचा, सगळं केलं तरी तो पट्टा रुळायला चार वर्षं गेली. आधी खड्डा घेतला असता तर एका तासात कळलं असतं.

म्हणून सपाटीकरण करायचंच असेल तर वरची फूटभर माती आधी बाजूला ढीग करून ठेवा, खालचं लेव्हल करा, आणि मग तीच माती वर पसरा. खर्च वाढतो, वाढू द्या. आणि घळीच्या अगदी कडेची जमीन लेव्हल करूच नका. तिथे बांध घाला, कडेने गवत, बोर, सीताफळ लावा. पाणी एकदा कडेवरून उतरायला लागलं की घळ दरवर्षी वावरात शिरते.

चुनखडी आणि चोपण (सोडियमने बिघडलेली जमीन) यांतला गोंधळ मात्र मिटवून घ्या. दोन्हींचा सामू 8 च्या वर असू शकतो, उपाय वेगळे आहेत. घरच्या घरी परीक्षा अशी: काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत टाकायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्या (बॅटरीतलं आम्ल नव्हे). बोअरचं चालत नाही, त्यातले क्षार परीक्षा बिघडवतात. हळूच एक वाळलेलं ढेकूळ सोडा आणि न ढवळता दोन तास थांबा. ढेकूळ फुटून तुकडे झाले पण पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमचा संशय धरा. मग प्रयोगशाळेत विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी काढून घ्या. 15 च्या वर आणि सामू साडेआठच्या वर असेल तर ती चोपण.

जिप्सम चोपणीसाठी असतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि तो सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जावा लागतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम. मात्रा अहवालावरून, पाऊस सुरू होण्याआधी, वरच्या वीतभर मातीत मिसळून. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत सामू उतरवायला जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पेरणं आहे. तो त्याने उतरत नाही. तिथे शेणखत, हिरवळीचं खत, स्फुरद मुळाजवळ, आणि युरिया कधीही उघड्यावर फेकायचा नाही, मातीआड करायचा. उघड्यावरचा नत्र अशा जमिनीत हवेत उडतो. झिंक आणि फेरस सल्फेट शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्या. बोअरचं पाणीही एकदा तपासा. त्यातला शिल्लक सोडियम कार्बोनेट (अहवालात आरएससी) लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर तुम्ही दर पाळीला चोपण तयार करत आहात.

वरच्या काळीत लागवड गादीवाफ्यावर किंवा सरीवर घ्या, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय कोरडवाहू पेरणी नको. मृगाचा पहिला शिडकावा भेगांतून खाली निघून जातो, वरची माती भिजलेली नुसती दिसते.

तपासणीचा नमुना खड्ड्याच्या भिंतीतूनच घ्या: 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर, प्रत्येकी अर्धा किलो, वेगळ्या पिशव्यांत, कापडी असल्या तर उत्तम. खताच्या पिशवीत भरू नका, अहवालात खताचंच खत दिसतं. पिशवीवर गट नंबर, पायरी आणि खोली लिहा. मुक्त चुना आणि सोडियम यांची तपासणी वेगळी मागावी लागते, न मागता होत नाही. पाल, ममुराबाद किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाताना भिंतीचा फोटो घेऊन जा, शेजारी टेप धरून काढलेला.

खड्डा बुजवताना खालची माती आधी, वरची शेवटी. भरून झाल्यावर चार बोटं उंच ठेवा, पहिल्या दोन पावसांत ती बसते.